लेकरं मराठवाड्याची अन् जबड्याचं माप अमेरिकेचं

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका आहे, सहावी-सातवीला गणित शिकवते. पत्र लांबलंय हे मला माहितीय, कापायचं तर कापा, पण मधला मापाचा भाग तेवढा राहू द्या कारण त्याच्यासाठीच लिहायला बसलेय.

दिवाळीच्या सुट्टीत मुलीला दातांच्या डॉक्टरकडं शहरात नेलं होतं. वय ११. पुढचे दात जरा पुढं आहेत, वर्गातल्या पोरी दाताडी दाताडी म्हणून चिडवायच्या, लेकरू फोटो काढताना ओठावर हात ठेवायला लागलं, म्हणून म्हणलं एकदा दाखवून घेऊ. तिथं एक्स-रे काढला, साधा दाताचा नाही, चेहऱ्याचा बाजूनं काढतात तो, त्याला सेफॅलोमेट्रिक म्हणतात, डॉक्टर लोक नुसतं सेफ म्हणतात. डोकं हलू नये म्हणून दोन्ही कानात दोन दांड्या टेकवतात अन् कपाळाशी नाकाच्या मुळावर एक टेकण लावतात. थोड्या वेळात कॉम्प्युटरमधनं रिपोर्ट आला तीन पानी. चेहऱ्याच्या चित्रावर रेघाच रेघा आणि खाली तक्ता, एका रकान्यात नॉर्मल असं लिहिलेलं, शेजारी माझ्या लेकीचा आकडा, आणि जिथं जुळत नाही तिथं लाल रंग. अर्धा तक्ता लाल. डॉक्टर म्हणले वरचे दोन आणि खालचे दोन असे चार दात काढावे लागतील, सुळ्याच्या मागच्या लहान दाढा, मग तारा बसवू, दीड-दोन वर्षं लागतील, खर्च ४५ हजार.

पैशाचं सोडा, ते कसंही जुळवलं असतं. मी एवढंच विचारलं की सर हे नॉर्मल म्हणजे कुणाचं नॉर्मल? ते म्हणले सॉफ्टवेअरमधेच असतं ते मॅडम. डॉक्टर वाईट होते असं मी अजिबात म्हणत नाही, नीट बोलले, घाई केली नाही, पण त्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडं नव्हतं आणि गणिताच्या बाईला उत्तर नसलेला रकाना झोपू देत नाही.

घरी आल्यावर सासूबाईंना रिपोर्ट दाखवला. त्यांना रेघा कळायचं कारण नाही पण त्यांनी चित्राकडं बघून लगेच म्हणलं, ही तर आत्यावर गेली, आमच्याकडं सगळ्यांचेच ओठ असे भरीव, हिच्या आजोबांचे पण. मग लग्नाचे जुने फोटो काढले. खरंच की, आजोबा, आत्या, दोन चुलते, सगळ्यांची ठेवण तीच. चांगली दिसणारी माणसं आहेत, खाण्यापिण्याला बोलायला कधी काही अडचण आली नाही. आणि रिपोर्टच्या हिशोबानं ही सगळी लाल.

मग ओळखीतून एका डेंटल कॉलेजात शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंना भेटले. त्यांनी आधी रिपोर्टकडं बघितलंच नाही, लेकीला बसवलं, बोलतं केलं, ओठ मिटायला सांगितलं. ओठ सहज मिटतात का, हनुवटीवर सुरकुत्या पडतात का, दात दाटीवाटीनं आलेत का, रात्री तोंड उघडं ठेवून झोपते का, पाळी सुरू झाली का, उंची या वर्षात किती वाढली. हे सगळं झाल्यावर एक्स-रे हातात घेतला आणि पेन्सिलनं मला समजावून सांगितलं, ते मी माझ्या भाषेत सांगते कारण पालकांना हे कुणी सांगत नाही.

कवटीच्या मधोमध पियुष ग्रंथी बसते ती जागा असते, तिला एस म्हणतात. नाकाच्या मुळाशी कपाळाचं हाड संपतं तिथं एन. वरच्या जबड्यावर पुढच्या दातांच्या मुळाशी खोलगट भाग असतो तो ए आणि खालच्या जबड्यावर तसाच बी. एस-एन रेघ ओढायची, एन पासून ए ला एक आणि बी ला एक रेघ ओढायची, दोन कोन झाले. पहिला ८२ अंश, दुसरा ८० आणि दोन्हीतला फरक २, हे झालं नॉर्मल. फरक जास्त म्हणजे वरचा जबडा पुढं किंवा खालचा मागं, फरक उलटा म्हणजे खालचा पुढं. माझ्या मुलीचा ८४, ८० आणि ४.

हे ८२-८०-२ कुठून आलं? सेसिल स्टायनर नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९५३ मधे ही पद्धत मांडली, आज जगभर चालते. त्याच्या आधी विल्यम डाउन्सनं १९४८ साली, म्हणजे ज्या वर्षी आपला मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला त्याच वर्षी, चेहऱ्याची मापं छापली. त्यानं किती जण मोजले होते? वीस. १२ ते १७ वयाची, उत्तम दातांची, गोरी अमेरिकन मुलं-मुली. वीस जण म्हणजे माझ्या सातवीच्या वर्गाचा एक कोपरा झाला. त्या माणसाला दोष नाही, त्याला सुरुवात करायची होती आणि त्यानं मर्यादा ठेवून केली, पण वीस गोऱ्या पोरांवरून निघालेल्या आकड्यांपासून सुरू झालेली वाट आमच्या सेलूच्या लेकराच्या तोंडापर्यंत आली आणि मधे कुणी थांबून विचारलं नाही.

हा एक्स-रे काढायचं तंत्र १९३१ चं, अमेरिकेत क्लीव्हलंडला हॉली ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ, दोघांनी एकाच वर्षी मांडलं. ब्रॉडबेंटनं नंतर तीच तीच मुलं वर्षानुवर्षं बोलावून एक्स-रे काढले, त्याला बोल्टन स्टडी म्हणतात, त्याची वयवार मापं १९७५ ला छापून आली. कॅनडात बर्लिंग्टनला १९५२ पासून असंच काम झालं. म्हणजे नऊ वर्षाच्या पोराचं नऊ वर्षाच्या पोराशी, पंधराच्या पोरीचं पंधराच्या पोरीशी. हे महत्त्वाचं आहे, कारण लेकराचा चेहरा म्हणजे मोठ्या माणसाचा चेहरा लहान करून ठेवलेला नसतो. कवटी लवकर वाढते, पाच-सहा वर्षाच्या लेकराचं डोकं जवळपास मोठ्या माणसाएवढं झालेलं असतं, म्हणून लहान मुलांचं डोकं मोठं आणि तोंड लहान दिसतं. चेहरा नंतर खाली आणि पुढं वाढतो आणि खालचा जबडा सगळ्यात शेवटपर्यंत वाढत राहतो. त्यामुळं तो फरकाचा कोन लहान वयात मोठाच असतो, वय वाढतं तसा कमी होत जातो. ओठांचं पण तसंच. नाकाच्या टोकापासून हनुवटीपर्यंत रेघ ओढून ओठ तिच्या मागं किती ते रिकेट्स नावाचा अमेरिकन डॉक्टर बघायचा, त्यानं स्वतःच सांगितलंय की नऊ वर्षाच्या मुलाला खालचा ओठ २ मिलिमीटर मागं आणि पुढं नाक-हनुवटी वाढतील तसा दरवर्षी थोडा थोडा आणखी मागं. आणि माझ्या अकरा वर्षाच्या मुलीचा रिपोर्ट छापला गेला मोठ्या माणसाच्या रकान्याशी लावून! डॉक्टरबाईंनी दाखवलं तेव्हा दिसलं, वर कोपऱ्यात बारीक अक्षरात ॲडल्ट असं लिहिलेलं होतं. वय टाकायची जागा असते त्या सॉफ्टवेअरमधे, कुणी टाकलंच नाही.

त्याच एक्स-रेमधे मानेचे मणके पण दिसतात आणि मणक्यांच्या आकारावरून लेकरू वाढीच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते कळतं हे पण त्यांनीच सांगितलं. माझ्या मुलीची मोठी वाढ अजून व्हायचीय. दात दाटीवाटीनं नाहीत, ओठ सहज मिटतात, म्हणून चार दात काढायचं सध्या काही कारण नाही, सहा महिन्याला दाखवत चला, असं ठरलं. म्हणून तर मी आज शांतपणे लिहू शकतेय. पुढं तारा लागतील कदाचित, लागल्या तर लावू. पण काढलेला दात परत येत नाही.

एक गोष्ट मी घरी करून बघितली. एक्स-रेची फिल्म खिडकीच्या काचेवर चिकटवली, वर ट्रेसिंग पेपर लावला आणि कंपासपेटीतल्या कोनमापकानं मी आणि लेकीनं कोन मोजले. पहिल्या दिवशी ८३ आला, दुसऱ्या दिवशी ८५. ए बिंदू नेमका कुठं धरायचा तिथंच पेन्सिल इकडं-तिकडं होते. बाईंना सांगितलं तर त्या म्हणल्या शिकलेल्या माणसाकडून पण अंश-दोन अंश इकडं-तिकडं होतातच. आता बघा, रिपोर्टमधे ८२ च्या शेजारी ८४ लाल रंगात आणि मोजण्यातच दोन अंशाचा फरक पडायलाय. सरासरी म्हणजे काय हे मी दरवर्षी पोरांना शिकवते, वर्गाच्या उंचीची सरासरी काढली तर बरोबर तेवढ्याच उंचीचं एखादंच लेकरू निघतं, बाकीची थोडी वर थोडी खाली, म्हणून बाकीची काय आजारी नसतात. नॉर्मलला एक आकडा नसतो, एक पट्टा असतो, इथपासून इथपर्यंत. तो पट्टा छापा ना रिपोर्टवर. एका मापात शिवलेले गणवेश येतात तेव्हा अर्ध्या पोरांच्या बाह्या लोंबतात, पण आम्ही पोराचे हात बिघडलेत असं म्हणत नाही, गणवेश बदलून मागतो.

दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर लोक म्हणतील बाई उपचाराच्या विरोधात आहे. माझ्याच शाळेतला एक मुलगा, त्याचे खालचे दात वरच्या दातांच्या पुढं होते. दुसरी-तिसरीपासून दिसत होतं. घरचे म्हणायचे मोठा झाला की होईल नीट. असल्या लेकरांना वरचा जबडा पुढं ओढणारं एक साधन तोंडाबाहेरून लावतात, ते आठ-दहा वर्षांच्या आत लावलं तर चांगला उपयोग होतो. तो सोळाव्या वर्षी डॉक्टरकडं गेला. आता वाढ पूर्ण झाल्यावर ऑपरेशन हाच मार्ग राहिला असं त्याला सांगितलंय. खालचा जबडा मागं राहिलेल्या लेकरांना ट्विन ब्लॉकसारखं काढता-घालता येणारं साधन ऐन वाढीच्या काळात देतात, ती वेळ गेली की गेली. म्हणजे माप चुकलं तर एकीकडं चांगल्या लेकराचे दात निघतात आणि दुसरीकडं ज्याला खरी गरज आहे ते राहून जातं. मला मापं नकोत असं नाही हो, मापं पाहिजेतच. आपल्या लेकरांची पाहिजेत.

उंची-वजनाचं झालंच ना हे काम! जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ ला लहान मुलांच्या वाढीचे तक्ते काढले ते सहा देशातली मुलं मोजून, त्यात आपल्या दक्षिण दिल्लीची लेकरं होती, अंगणवाडीत आज तेच तक्ते आहेत. डोक्याच्या घेराचे पण आहेत. पाच ते अठरा वयासाठी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ ला भारतातल्या मुलांच्या आकड्यांवरून तक्ते नवे केले. मग चेहरा-जबड्याचं काय अडलंय? भारतात काहीच झालं नाही असं नाही, १९६९ मधे नंदा आणि नंदा यांनी उत्तर भारतीय लोकांची सेफवरून मापं छापली, नंतर पण ठिकठिकाणी अभ्यास झाले आणि बहुतेकांत हेच निघालं की आपल्याकडं चांगल्या दातांच्या माणसांचे सुद्धा पुढचे दात आणि ओठ गोऱ्यांच्या मापापेक्षा थोडे पुढं असतात. सासूबाईंनी फोटो बघून जे सांगितलं तेच की हे! पण मी चार क्लिनिकला फोन करून विचारलं, चारही ठिकाणी रिपोर्ट अमेरिकेच्याच मापाचा.

डोकी मोजायचं म्हणलं की आपल्याकडं एक जुनी जखम पण आहे, ती लपवून चालणार नाही. इंग्रजांच्या काळात हर्बर्ट रिस्ले नावाच्या अधिकाऱ्यानं लोकांची नाकं मोजून त्यावरून जातींची उतरंड लावायचा उद्योग केला, १९०१ च्या जनगणनेचा कमिशनर तोच. आणि आपल्या इरावती कर्वे त्याच्या अगदी उलट. त्या बर्लिनला पीएचडीला गेल्या, विषय कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूतल्या फरकाचा, त्यांचा प्रोफेसर ऑयगेन फिशर गोऱ्या वंशाला वरचढ मानणारा, पण बाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा त्या फरकाशी संबंध लागत नाही हे लिहून दिलं. परदेशात, परक्या भाषेत, स्वतःच्या गाईडच्या मताविरुद्ध. मला त्यांचा फार अभिमान वाटतो. पुढं पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधे त्यांनी आणि वि. म. दांडेकरांनी महाराष्ट्रातल्या लोकांची शरीराची मापं घेऊन १९५१ ला छापली. म्हणून माझं म्हणणं आहे की जातवार तक्ते आता नकोत. वय आणि मुलगा का मुलगी, एवढंच. एका घरातल्या दोन भावंडांच्या जबड्यात जेवढा फरक असतो तेवढा बघितला तरी जातीचा रकाना कशाला हवाय? पण मोजताना मात्र सगळ्यांची लेकरं आली पाहिजेत, तांड्यावरची, देगलूर-बिलोलीकडची तेलुगू बोलणारी, मुस्लिम मोहल्ल्यातली, शहरातली, ऊसतोडीला जाणाऱ्यांची. नुसती क्लिनिकला पैसे देऊ शकणाऱ्यांची मोजली तर परत तोच घोळ.

आता करायचं कसं. धडधाकट लेकरांचे नुसत्या अभ्यासासाठी एक्स-रे काढणं आजच्या काळात बरोबर नाही, ब्रॉडबेंटच्या काळी चाललं, आज कुठली एथिक्स कमिटी परवानगी देईल? मी आई म्हणून पण देणार नाही. पण एक्स-रे तर रोज निघायलेत. संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेज आहे, लातूर, नांदेड, परभणीला कॉलेजं आहेत, उपचारासाठी आलेल्या मुलांचे सेफ तिथं साठलेले असतात. त्यातून जबडे बरोबर असलेली, नुसते एक-दोन दात वाकडे म्हणून आलेली मुलं निवडून, नाव-गाव काढून टाकून, वयवार लावता येतात. पीजीच्या पोरांना थिसिस करावाच लागतो, त्यात कितीतरी मापं मोजलेली असतात आणि थिसिस कपाटात जातो. ही सगळी कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात ना, मग विद्यापीठानं एकदा सगळ्यांना एकाच पद्धतीनं मोजायला लावून ते आकडे एकत्र करावेत, आठही जिल्ह्यांचे.

आणि जे एक्स-रेशिवाय होतं ते तर शाळेत येऊन करता येतं. टोरांटोला लेस्ली फारकस नावाच्या डॉक्टरनं आयुष्यभर नुसत्या कॅलिपरनं आणि टेपनं चेहरे मोजले, वर्षाच्या लेकरापासून अठरापर्यंत, डोक्याची रुंदी, चेहऱ्याची लांबी, नाकापासून हनुवटी, आणि त्या तक्त्यांवर आज ओठ-टाळू दुभंगलेल्या लेकरांची ऑपरेशनं ठरतात. ह्याला ना किरणं लागतात ना वीज. बाजूचा फोटो एका ठराविक अंतरावरून काढला तरी ओठ-हनुवटीची बरीच मापं निघतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम २०१३ पासून शाळेत येते, शून्य ते अठरा वयाची मुलं तपासते. डोळे, वजन, रक्त कमी आहे का, दुभंगलेला ओठ-टाळू, किडलेले दात बघतात, टीममधली माणसं मनापासून काम करतात. त्यांच्या फॉर्मवर जबड्याची एक ओळ वाढवा, खालचे दात वरच्यांच्या पुढं आहेत का, ओठ सहज मिटतात का, तोंडानं श्वास घेतं का. दोन मिनिटं लागतात. तो सोळा वर्षाचा मुलगा दुसरीतच सापडला असता.

डेंटल क्लिनिकवाल्यांना पण विनंती, रिपोर्टवर हे माप कुणाचं, कुठल्या वयाचं, कुठल्या साली काढलेलं, हे मराठीत एक ओळ लिहा आणि दात काढायचा निर्णय लाल आकड्यावर सोडू नका. पालकांनो, दात काढायचे म्हणले की दुसऱ्या डॉक्टरला एकदा दाखवा आणि वय बरोबर टाकलंय का बघा, लाजू नका विचारायला.

एक शेवटचं. कॉलेजवाले खरंच मोजायला येणार असतील तर जून ते सप्टेंबरमधे या. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरं कारखान्यांकडं निघतात ती उन्हाळ्यातच परत दिसतात, आणि तीच तीच मुलं दरवर्षी मोजायची तर हे वेळापत्रक पाळावंच लागेल, जानेवारीत आलात तर माझ्या वर्गातले सात-आठ बाक रिकामे असतात. माझ्याकडं पहिलीपासूनचं उंची-वजनाचं रजिस्टर तारखांसकट आहे, पालकांची परवानगीची पत्रं मी घरोघरी जाऊन आणून देईन. कोनमापक, टेप आणि व्हरांडा शाळेचा.

आपली,
एक शिक्षिका आणि आई
ता. सेलू, जि. परभणी